टाकीखालचा सांधा

लोणावळ्यातल्या एका हॉटेलात मी पंप, गिझर आणि जनरेटर सांभाळतो. दिवसभर दुसऱ्याची यंत्रं चालती ठेवायची, तर एखादं आपलंही असावं असं मला फार दिवस वाटत होतं. त्यातून जुनी मोटारसायकल घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून तिला नवी करायची, हे डोक्यात बसलं.

गाडी सापडली नवलाख उंबऱ्याला, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. ताडपत्री काढली तेव्हा टायर सुकून तडकलेले होते, साखळी गंजून काठीसारखी ताठ झाली होती. पण चेसिसचा रंग मात्र काळाभोर, काल लावल्यासारखा. न चालणाऱ्या गाडीला एवढा ताजा रंग कशाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. उलट रंगाचं काम वाचलं म्हणून बरं वाटलं. मालक सत्तरीचे होते. त्यांनी गाडीला हात लावला नाही. टेम्पोत मीच चढवली. ते गोठ्याच्या खांबाला टेकून म्हणाले, "घिऊन जा. हितं कोन चालवीत न्हाई."

कान्ह्याला घरी आणल्यावर मी तिला पूर्ण खोलली. कार्बोरेटर धुतला, क्लच प्लेटा बदलल्या, वायरिंग नवी ओढली. हेडलाइट एवढा चांगला बसवला की धुक्यात समोरचा रस्ता धुतल्यासारखा दिसे. सगळ्यांत मोठं काम ब्रेकचं. जुन्या ड्रम ब्रेकवर पावसाळ्यात माझा भरवसा नव्हता. मग कामशेतच्या मेकॅनिककडून नव्या मॉडेलचे पुढचे शॉकअप, चाक आणि डिस्क ब्रेक आणून बसवला. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली. बायको ओट्यावरून बघत होती. हसून म्हणाली, "आता तुमी पडनार तोंडावर."

पंधरवडाभर मी खुशीत होतो. मग एकदा कामावरून येताना कामशेतच्या खिंडीतल्या उतारावर ब्रेक दाबला आणि हँडलच्या खालून "टक्" असा आवाज आला. बोट मोडल्यासारखा. ब्रेक सोडला की पुन्हा एकदा, हलका.

मी हँडलमधलं बेअरिंग बदललं. आवाज गेला नाही. शॉकअप पुन्हा आवळले, स्पोक ताणून घेतले, इंजिनचे नटबोल्ट तपासले. मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे, बोलणारच थोडी." पण ती रोज बोलत होती आणि फक्त उतारावरच. सपाट रस्त्यावर गप्प. खिंड जवळ आली की माझे खांदे आपोआप वर चढायचे. कानातलं वारं, ट्रकचे हॉर्न यांतूनही मी तो एक आवाज शोधत राहायचो. नाही आला तर जास्तच.

बायकोने वेगळीच गोष्ट सांगितली. तिला मागे बसवून वडगावला गेलो होतो. उतरल्यावर ती म्हणाली, "अवो, मागनं गाडी येगळी चालतीय."

"वेगळी म्हणजे?"

"म्हंजी तुमी वळता, आन मग मी वळते. मधी कायतरी सुटल्यागत वाटतं."

मी मागचा टायर तपासला, बुश बदलले. तिला म्हणालो, तुझा भास आहे. पण त्यानंतर ती मागे बसली की दोन्ही हातांनी मला धरायची नाही, सीटची कडा धरायची. कधीही उतरता यावं म्हणून असावं.

दिवाळीनंतर तिच्या माहेरी, वडिवळ्याला, भाताची मळणी झाली. आम्ही जाऊन आलो. येताना सासूबाईंनी नव्या तांदळाचं पोतं दिलं. ते टाकीवर माझ्यापुढे, बायको मागे. वडिवळ्याच्या धरणावरून गार वारा येत होता, ऊन अजून बरंच होतं. कामशेत जवळ आलं तसा रस्ता खराब झाला. एका खड्ड्यापाशी ब्रेक दाबला आणि आवाज आला, पण या वेळी "टक्" नाही. कापड फाटावं तसा, लांब.

"थांबवा," ती म्हणाली.

"आलं की कामशेत."

"थांबवा म्हनते न्हवं!"

मी थांबवली. ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "मी चालत येते. तुमी बी बसू नका." मला राग आला. रस्त्यातून बायका कापलेला चारा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघू लागल्या. केवळ वाद नको म्हणून मी उतरलो, पोतं सीटवर सरकवलं आणि खाली वाकलो. टाकीच्या पुढच्या टोकाखाली, जिथे चेसिसची मुख्य नळी हँडलच्या गळ्याला जोडलेली असते, तिथे काळ्या रंगावर तांबूस पाण्याचा ओघळ होता. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखाली लोखंड नव्हतं, पुट्टी होती. भिंतीच्या भेगा बुजवतात तशी.

मी सरळ उभा राहिलो. तिने विचारलं, "काय हाय?" मी म्हणालो, "चल, ढकलत नेऊ."

मी हँडल धरलं, तिने मागून पोतं. चालण्याच्या वेगाने निघालो. वस्ती सुरू होते तिथे एक गतिरोधक आहे. पुढचं चाक त्यावर चढलं, उतरलं आणि हँडल माझ्या हातात हलकं झालं. गाडी नाकावर बसली. पुढचं चाक, शॉकअप, माझा नवा डिस्क ब्रेक, सगळं एकसंध माझ्या हातात राहिलं आणि बाकीची गाडी वेगळी होऊन आडवी पडली. तांदूळ रस्त्यावर सांडला. मग ती खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली.

मेकॅनिकने तुटलेली जागा घासून पाहिली. "हे वेल्डिंग एकदाच झालेलं नाही," तो म्हणाला. "हे बघा, जुन्यावर नवं मारलंय. त्यात तुम्ही ताकदीचा ब्रेक बसवलात. प्रत्येक ब्रेकला गळा थोडा थोडा उघडत होता."

दुसऱ्या दिवशी मी नवलाख उंबऱ्याला गेलो, भांडायच्या तयारीने. म्हातारे घरी नव्हते. त्यांची बायको धान्य पाखडत होती. गाडीचं नाव काढलं तसा तिच्या हातातलं सूप थांबलं.

"कुनाला लागलं का?"

"नाही मावशी."

तिने सूप खाली ठेवलं. "आमच्या पोराची गाडी ती. पोरगं न्हाई आता."

मी भांडायला आलो होतो हे तिथेच संपलं. ती सांगत राहिली. "मोडकी दारात पडली हुती. ह्यास्नी बघवंना, म्हून नीट करून आनली, रंग दिला. नीट झाल्यावर तर अजिबात बघवंना. मी म्हनले भंगारात घाला. ह्ये म्हनले, चांगली हाये, कुनीतरी चालवंल."

तेवढ्यात म्हातारे शेतावरून आले. मला ओळखलं. त्यांनी एकच विचारलं, "कुटं मोडली?"

"टाकीखाली, गळ्याला. आम्ही ढकलत होतो आबा. वर कुणी बसलं नव्हतं."

ते हळूच उंबऱ्यावर बसले. "त्याची बी तितंच मोडल्याली. उताराला. आमाला वाटलं, पडल्यावर मोडली."

वेल्डिंगचे दोन थर माझ्या डोळ्यांसमोर आले. एक त्यांनी मारून घेतलेला. मग त्याखालचा? "आबा, मुलाने गाडी नवी घेतली होती का?"

"न्हाई. कुनाकडनं तरी जुनी आनलेली. लय चांगली मिळाली म्हनायचा."

त्यांना थरांचं मी सांगितलं नाही. आधीचा माणूस कोण, त्याचं काय झालं, हे शोधायचीही माझी हिंमत झाली नाही.

भंगारवाला गाडी बघून खूश झाला. "गळा वेल्ड करू, मस्त चालेल. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे." मी म्हणालो, माझ्यासमोर कापायची, नाहीतर देत नाही. तो कुरकुरत गॅस कटर घेऊन आला. चेसिसचे तुकडे होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

आता दुसरी जुनी गाडी आहे. तिच्या गळ्याजवळचा रंग मी पूर्ण खरवडून काढला आहे, लोखंड उघडं ठेवून त्याला तेल लावतो. लोक विचारतात, हे असं काय. बायको मागे बसण्याआधी भेग चाचपत तिथून बोट फिरवते. अजून तरी तिच्या बोटाला काही लागलेलं नाही.