मैनाच्या खोलीतली हवा

पळसदरीच्या चांगोची सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर गेली. घरी तो पाहुण्यासारखाच असायचा. निवृत्त झाला त्याच वर्षी त्याचा नवीन नावाचा मुलगा खोपोलीच्या रस्त्यावर अपघातात गेला. चांगोची बायको मैना त्यानंतर खोलीबाहेर येईनाशी झाली. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवायची, पण बोलायची नाही.

त्यांची मुलगी संजना पनवेलला दिलेली. तिनं एक यंत्र आणलं. ते हवेत ऋण आयन, म्हणजे विजेचा भार असलेले सूक्ष्म कण, सोडतं आणि त्यानं मन हलकं होतं, असं तिनं वाचलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही अभ्यासांत उदास माणसांना थोडा फरक पडलेला दिसतो, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. उदासीवरच्या गोळ्या चालू आहेत, त्या मात्र बंद करू नका.

रोज सकाळी यंत्राजवळ बसायचं होतं. मैना एकटी बसेना, म्हणून चांगो शेजारी पाट टाकून बसू लागला. बरेच दिवस दोघं नुसतीच बसत. मग एकदा मैना म्हणाली, "नवीनला तुमची लय भीती वाटायची."

आपल्याला ते ठाऊक होतं, एवढंच चांगोनं कसंबसं सांगितलं. त्यानंतर नवीनचं नाव घरात पुन्हा निघू लागलं. पावसाळ्यात मैना भातलावणीलाही गेली.

दिवाळीच्या सुमारास यंत्राचा पंखा अडकला. चांगोनं ते कर्जतला दुरुस्तीला नेलं. कारागिरानं उघडून दाखवलं, तर आयन सोडणारी तार मुळात जोडलेलीच नव्हती. इतके महिने नुसता पंखा फिरत होता.

आईला सांगू नका, असं संजनानं फोनवर बजावलं. पण चांगोला ते लपवणं जमेना. त्यानं सांगितलं. मैना उठून आत गेली आणि पुन्हा गप्प झाली. आपणच हातचं घालवलं, असं चांगोला वाटलं.

पुढच्या आठवड्यात तो सकाळी चहा घेऊन आत गेला. मैना भिंतीला टेकून बसली होती.

"मशीन अजून कर्जतलाच हाय," तो म्हणाला.

"असू दे. तुमी बसा. काल नवीन सपनात आला होता."

चांगो खाली बसला. ती सांगत राहिली, चहा निवून गेला.

गोळ्या अजून चालू आहेत. बऱ्या दिवशी दोघं धरणापर्यंत चालत जातात. काही दिवस मैना उठतच नाही. त्या दिवशी चांगोही कुठं जात नाही.