तोंड दिसलं पाहिजे

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी डोळे मिटायचे. मग ती तळहातावर हलकेच वरखाली करायचे, बोटांनी कडा चाचपायचे आणि डोळे उघडून दोनपैकी एक शब्द उच्चारायचे. 'पास' किंवा 'परत'. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता. समोरच्याने चुकून 'चालेल' म्हटलं, तर ते चष्म्यावरून असे बघायचे की त्याला आपल्या शिक्षणाबद्दलच शंका यावी.

वाघोडियाच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात होते आणि ते तपासणीत. मी माल आणायचा आणि त्यांनी तो परत पाठवायचा, अशी आमची कामाची वाटणी होती. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय परचेस, आज काय आणलंत?" हे त्यांचं नमस्कार म्हणणं. कंपनीच्या बसमध्येही तेच. बसमधल्या नव्या लोकांना बरेच दिवस माझं आडनावच परचेस आहे असं वाटत होतं. एका पारसी बाईंनी तर मला तसं विचारलंही होतं.

एकदा दिवाळीला एका पुरवठादाराने त्यांच्या टेबलावर मिठाईचा डबा ठेवला. त्यांनी डोळे मिटून तो तोलला. "मिठाई पास," ते म्हणाले, "माल परत." डबा शिपायांकडे वाटायला गेला आणि माल ट्रकमध्ये.

कारखान्यात माप तपासायला गेज असतं. ठरलेल्या मापाचा धातूचा तुकडा, त्यात वस्तू बसली तर बरोबर, नाही तर चूक. पण हे गेजही वापरून झिजतं, म्हणून ते वेळोवेळी तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी लावतात. एका दुपारी माझा निकडीचा माल तपासताना त्यांना दिसलं की गेजवरची तारीख उलटून गेली आहे. त्यांनी गेज खाली ठेवलं आणि डबा उघडून जेवायला बसले. "माल चांगला असेल हो परचेस," ते म्हणाले, "पण जुन्या मापाने आजची वस्तू मोजायची नाही." माल दोन दिवस तसाच पडून राहिला आणि त्याबद्दल वरच्या साहेबांची बोलणी मी खाल्ली. त्यांचं ते मापाचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निवृत्तीनंतर मी गोत्रीच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. सामान वर चढवत होते तेव्हा खालच्या मजल्याचं दार उघडलं आणि आवाज आला, "काय परचेस, आज काय आणलंत?" फ्लॅट पसंत करताना शेजार तपासायचं राहून गेलं होतं. पुढे मग रविवारी भाजीला बरोबर जाणं सुरू झालं. खंडेराव मार्केटात ते एकेक वांगं डोळे मिटून तोलायचे. भाजीवाली वैतागून गुजरातीत म्हणायची, "काका, रींगणां छे, मशीन नथी." ते शांतपणे वांगं खाली ठेवायचे. "परत."

वहिनी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला, त्याची मुलगी रेवा. दर मे महिन्यात ती यायची. ती आली की या गृहस्थांचा आवाज जिन्यात वेगळाच लागायचा, आणि दुधाची एक पिशवी जास्त यायची. मग एका वर्षी मुलगा, सून आणि रेवा कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी गेले आणि ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळा लागायच्या सुमारास, ते माझ्या दारात उभे राहिले. चप्पल न काढता.

"परचेस, एक वस्तू घ्यायची आहे. गेम खेळायचं मशीन. लहान मुलीसाठी."

मी सवयीने विचारलं, "काय काय हवं ते सांगा."

"हातात मावलं पाहिजे. पडलं तर फुटता कामा नये. आणि खेळताना तोंड दिसलं पाहिजे."

"कुणाचं?"

"तिचं. दुसरं कुणाचं?"

मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, मुलाचा फोन होता. रेवा विचारते आहे की आबांच्या घरी करायचं काय. तिथे काहीच नाही. यंदाही बहुधा येणार नाही. "खोटं नाही बोलली," ते म्हणाले. "काय आहे माझ्याकडे? वजनकाटा आहे." त्यांच्याकडे खरोखरच वजनकाटा होता. पण ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. दाढीवाला विक्रेता उत्साहाने चित्रांचा दर्जा, वेग असं काहीबाही सांगू लागला. यांनी सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक हात काढला. लहान मुलाचा, पाचही बोटं नीट कापलेला. रेवा आली होती तेव्हा बुटांच्या खोक्याच्या झाकणावर हात ठेवून तिने पेन्सिल फिरवली होती. तो यांनी कापून जपून ठेवला होता.

"काका, आ कोनो हाथ छे?"

"मारी पौत्रीनो."

"तो बेबीने ज लई आवो ने!" मुलीलाच घेऊन या की, असं त्याचं म्हणणं.

"ए तो मशीन आवे पछी आवशे," ते म्हणाले, म्हणजे आधी मशीन, मग ती; आणि पुठ्ठ्याची बोटं एकेका कंट्रोलरवर ठेवून बघू लागले.

पहिलं मशीन हातात धरून खेळायचं होतं. त्यांनी विक्रेत्याला स्टुलावर बसवलं. "जरा खेळा." तो खेळू लागला. हे खाली वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "मान खाली जाते. नुसता भांग दिसतो. परत." दुसरं डोळ्यांवर बांधायचं होतं. ते बांधून तो बिचारा हवेत हात मारत असताना त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "यात तर माणूसच दिसत नाही. परत." तिसरं टीव्हीला जोडायचं होतं. विक्रेता सोफ्यावर बसला, हे त्याच्या शेजारी. त्याची गाडी पडद्यावर धावत होती आणि हे बाजूने त्याला न्याहाळत होते. "दिसतं," ते म्हणाले. "हसला की दिसतं."

मग कंट्रोलर पाडून बघायचा होता. विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, विकत घेतल्याशिवाय पाडता येणार नाही. यांना ते पटलं. त्यांनी चप्पल काढली, स्वतःचा पाय पुढे केला आणि कंट्रोलर त्या पायावर पाडला. "माल अजून त्यांचा आहे," त्यांनी मला समजावलं. बोटं चोळत ते म्हणाले, "पास."

कंट्रोलर दोन घ्यायचे होते. पुठ्ठ्याच्या हाताला बसणारा छोटा तिच्यासाठी आणि नेहमीचा मोठा यांच्यासाठी. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच बंगळुरूला फोन लावला.

"रेवा, इथे गेम आहे. दोघांनी खेळायचा."

"तुम्हाला येतो?"

"नाही."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, पुन्हा पहिल्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "ओके. मग मी येऊन शिकवते."

फोन ठेवून ते उठले आणि उगीचच फ्रिज उघडून आत बघून आले. मी गुपचूप चहा प्यायले. मला इतका आनंद झाला होता की चहात साखर नाही हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

रेवा आली. मी वरून लाडू घेऊन गेले तेव्हा ती पुठ्ठ्याच्या हातावर आपला हात ठेवून उभी होती. तिची बोटं पुठ्ठ्याच्या बाहेर आली होती, आणि तळवाही. आम्ही दोघांनी मिळून सगळं दुकान धुंडाळलं आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मूल वाढतं.

ते त्या हाताकडे बघत बसले. "जुन्या मापाने मोजलं, परचेस," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या माणसाचा चेहरा स्वतःची चूक सापडल्यावर कसा होतो, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. "एक वर्ष आली नाही, तर मी तिला तेवढीच धरून बसलो. परत करू या. उद्याच जाऊ."

रेवाने छोटा कंट्रोलर उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यांच्या शेजारी सोफ्यावर चढून बसली. "चालेल, आबा."

मी लाडवांचा डबा धरून तशीच थांबले. ते चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "चालेल."

त्यानंतरचा महिना खालून एकच ओरडा ऐकू यायचा. "आबा, स्क्रीनकडे बघा!" पुलावर एक वळण होतं, तिथे यांची गाडी न चुकता पाण्यात जायची. केसाएवढा फरक बोटाने ओळखणाऱ्या माणसाला ते वळण काही जमलं नाही. मी एकदा बाजूला बसून पाहिलं. ते वळणाकडे बघतच नव्हते. मान जरा तिरकी करून तिच्याकडे बघत होते.

ती पुढच्या मे महिन्यातही आली आणि त्याच्या पुढच्याही. दर खेपेला नव्या पुठ्ठ्यावर नवा हात काढला जायचा आणि त्यावर तारखेची चिठ्ठी लागायची. मशीन जुनं झालं. रेवाच्या वर्गातल्या मुलांकडे त्याहून भारी मशीनं आली. ती मात्र इथलंच खेळायची, कारण आबांना अजून पूल पार करता येत नव्हता.

यंदा होळीच्या आधी ते गेले. दवाखान्यात त्यांना फार दिवस काढावे लागले नाहीत. शेवटी भेटले तेव्हा मी संत्री नेली होती. त्यांनी एक हातात घेतलं, डोळे मिटले आणि तसेच मिटून बसले. मी निकालाची वाट बघत होते. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. मला त्यांची फार आठवण येते, हे लिहून टाकलेलं बरं. भाजी आणायला मी आता कोपऱ्यावरच जाते, मिळेल ते घेते.

मे महिन्यात मुलगा घर आवरायला आला, बरोबर रेवा. सामान बांधून झालं होतं. टीव्ही तेवढा भिंतीवर होता. रेवाने मला खालून हाक मारली. मी गेले तर तिने मशीन जोडलेलं. मोठा कंट्रोलर तिने स्वतः घेतला, तिला तो आता नीट बसत होता. छोटा माझ्या हातात दिला. माझ्या बोटांत तो मावेना.

"चालेल?" तिने विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

गाड्या सुटल्या. ती ओठ दाबून खेळत होती, आणि पूल जवळ आला तशी तिची हनुवटी थरथरायला लागली. शेजारून सगळं दिसत होतं.

माझी गाडी पाण्यात गेली.

"आजी, स्क्रीनकडे बघा ना," रेवा म्हणाली. "आबा पण असंच करायचे."