गाऱ्हाण्याची सीडी

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले — "रेकॉर्डिंग आहे का?" नसतंच कुणाकडे. मग मी म्हणायचे, राहू दे, चहा घ्या. ऑफिसातला बॅकअप सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे जे कुठे साठवलेलं नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नाही. अशी मी खडूस बाई. तरी हे लिहितेय, कारण आता पोटात मावत नाही.

माझं माहेर करी रोडचं. बाबा मूळचे कोकणातले, इथे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. संप झाला तेव्हा मी शाळेत होते आणि माझा मोठा भाऊ, दिनूदादा, बाबांच्याच गिरणीत बदली कामगार. संप लांबत गेला, घरातलं होतं नव्हतं ते विकून झालं... आणि एका सकाळी दादा बाबांना न सांगता गेटमधून आत गेला, कामावर. बाबा शेवटपर्यंत संपावर ठाम. त्यांनी भांडण केलं नाही, हात उचलला नाही. फक्त दादाचं नाव घेणं बंद केलं. दादा पुढे शिवडीला वेगळा राहिला, तिथेच एका गोदामात लागला. आईला भेटायला यायचा तो बाबा घरात नसताना.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आम्हा मालवणी लोकांत गणपतीची आरती झाली की घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून त्याच्याशी मोठ्याने बोलतो. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं मागतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला अख्खा मजला गोळा व्हायचा. माझं नाव, शेजारच्या पोरांची नावं, एका वर्षी तर चाळीतल्या आजारी मांजराचंसुद्धा नाव घेतलं होतं त्यांनी! दादाचं तेवढं नाही. निदान माझ्या लग्नापर्यंत तरी नाही. पुढचं मला ठाऊक नव्हतं, कारण लग्नानंतर गणपतीत मी भोईवाड्यात, सासरी.

बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. चाळ पडली, टॉवर झाला, आईला त्यात घर मिळालं. नव्या घरातला पहिला गणपती दोन महिन्यांवर आला आणि आईने हट्ट धरला — गाऱ्हाणं दिनूच घालणार.

दादा म्हणाला, "ज्या माणसाने मरेपर्यंत माझं नाव घेतलं नाही, त्याच्या जागी मी उभा राहू? नाय जमणार, आई."

"कोण म्हणता नाय घेतल्यानी?" आई फटकन बोलली. "शूटिंग झाला त्या वर्षी घेतल्यानी तुझा नाव. सीडीत आसा!"

दादा बघतच राहिला. साठी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मग दाखव मला," एवढंच बोलला आणि चपला घालून निघून गेला.

सीडी होती, खरंच. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने एका वर्षी हौसेने चाळीतल्या गणपतींचं शूटिंग केलं होतं. तेव्हा आमच्याकडे प्लेअर नव्हता, म्हणून ती कुणी लावून बघितलीच नाही. पुढच्या गणपतीत कुणीतरी ती चकचकीत दिसते म्हणून डबल टेपने मखरावर चिकटवली! हसू नका, त्या काळी घरोघरी मखरात सीड्या चमकायच्या. विसर्जनानंतर ती ओढून काढली आणि कपाटात टाकली.

सीड्या दुरुस्त करणं हा माझा जुना नाद. निम्म्या नातेवाइकांच्या लग्नाच्या सीड्या मी वाचवल्यात. चकचकीत बाजूला ओरखडे असतील तर साधी पांढरी टूथपेस्ट घ्यायची आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. पण ही सीडी मी उजेडाकडे धरून बघितली. टेपबरोबर कडेच्या भागातला चंदेरी थरच निघून आला होता. तिथून पलीकडची खिडकी दिसत होती. साठवलेलं सगळं त्या थरातच असतं. तो गेला की टूथपेस्ट काय नि सॉफ्टवेअर काय!

"कशाक त्रास करून घेतंस?" आई सारखी म्हणायची. "दिनूक सांग, सीडी बाद झाली, पण नाव होता."

पण मी कसली ऐकतेय! घासली, पुसली, कॉम्प्युटरवर कॉपी करून बघितली. आरती आली, बाबा हात जोडून उभे राहिले, "बा देवा म्हाराजा" म्हणाले... आणि तिथेच फाइल संपली. दुसरं सॉफ्टवेअर लावलं. तिथेच संपली.

दादाला खरं ते सांगितलं. तो रविवारी दुपारी आईकडे जेवायलाच आला. म्हणाला, "जेवढं आहे तेवढं तरी बघू. बाबांना बघून किती वर्षं झाली..." मग मी घरून आणलेला माझा जुना प्लेअर जोडला. आई आत कोलमी साफ करत बसली होती, ती काही बाहेर आली नाही.

आरती झाली. बाबा उभे राहिले. "बा देवा म्हाराजा..." चित्राचे चौकोन चौकोन झाले, मग स्क्रीन काळा. मी रिमोट उचलला, आणि काळ्या स्क्रीनमधून बाबांचा आवाज आला. स्वच्छ, कुठेही न अडकता.

"...माझो थोरलो झील दिनकर. गिरणीत गेलो तो पोटासाठी गेलो. भावंडाच्या तोंडात घास पडूचो म्हणान गेलो. ह्या माका कळत होता, पण तोंडात येत नव्हता. आज इला. तेका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून चाळीतली माणसं.

आणि प्लेअर बंद पडला.

दादाने कधी हात जोडले त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मग तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला, आणि मीही. आई दारात उभी होती, हात कोलमीने भरलेले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बाबांचा आवाज ऐकून झाला असेल.

नंतर कितीदा लावून बघितली. "बा देवा म्हाराजा", मग काहीच नाही. चूक माझीच, फोन हाताशी होता आणि रेकॉर्ड करायचं सुचलं नाही.

त्या गणपतीत सासरची आरती उरकून मी आईकडे गेले, आणि दादाने गाऱ्हाणं घातलं. चुकत, अडखळत, पण घातलं. त्याच्या बायकोचे डोळे पुसून पुसून लाल झाले.

गौरी-गणपती गेल्यावर एका संध्याकाळी मी आईला म्हटलं, "बरं झालं तुला आठवत होतं. तू सांगितलं नसतंस तर मी ती सीडी हातात घेतली नसती."

आई खिडकीशी बसली होती.

"मी खोटा बोललंय गो," ती म्हणाली. "त्या वर्षीसुदिक त्येनी दिनूचा नाव घेतल्यानी नाय. मी थंयच उभी होतंय. सीडी बाद झाली ता माका ठावक होता, म्हणानच सांगलंय. दिनू माझ्या जिवंतपणी देवापुढे उभो रवात, इतक्याच माका होया होता."

"मग... ते कोण बोललं?"

"आवाज तेंचोच," आई म्हणाली. "माका काय तेंचो आवाज कळाचो नाय?"

कुणी तांत्रिक कारण सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण थर नसलेल्या सीडीतून कधीच न बोललेलं वाक्य कसं वाजतं, हे माझं डोकं तरी सांगू शकत नाही. आईचं गुपित मी दादाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. चाळीस वर्षं तो बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला थांबला होता, आणि त्याने ते ऐकलं.