रॅम्पवरची वाळू

बिस्किट अर्ध्या रॅम्पपर्यंत चढला, थांबला आणि बसल्या बसल्या घसरत खाली आला.

"परत," शेट्ये मॅडम म्हणाल्या. बिस्किट त्यांचा लॅब्रॅडोर. परत तेच झालं. तिसऱ्या वेळी तो रॅम्पजवळ गेलाच नाही, गवतावर आडवा झाला.

बोरिवलीतलं मैदान. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माणसं आपापली कुत्री घेऊन ऑब्स्टॅकल कोर्स करायला येणार होती. म्हणजे अडथळ्यांची शर्यत. टायरमधून उडी, कापडी बोगदा, जाळीखालून सरपटणं आणि शेवटी रॅम्प. रॅम्प म्हणजे प्लायचे दोन मोठे तुकडे, कौलारू छपरासारखे एकमेकांना टेकवलेले. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, माणूस आणि कुत्रा दोघांनी बरोबर. मॅडमच्या अंधेरीच्या कंपनीचा हा पहिलाच इव्हेंट. कोर्स मी, वसंत तावडेने, बांधला होता.

त्याआधी सदतीस वर्षं मी गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारले. राजवाडे, कोर्ट, तुरुंग. सेटवर कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच बांधतात. खांबाला मागची बाजू नसते. जिना चार पायऱ्यांवर संपतो, कारण शॉट तिथे कट होतो. आणि रंग दिव्याखाली चमकला पाहिजे. त्याच सवयीने मी रॅम्पला ग्लॉस ऑइल पेंट लावून घेतला. नव्या गाडीसारखा दिसत होता.

लावला दिगूने. दिगंबर परब, भांडुपचा, पंचवीस वर्षं माझा पेंटर. गुडघे गेल्यामुळे त्याला परांचीवर चढता येईना, म्हणून स्टुडिओने बोलावणं बंद केलं होतं. हे जमिनीवरचं काम त्याला अगदी जमणारं होतं. ते टिकावं एवढंच त्याला हवं होतं.

रंगाचा डबा उघडतानाच तो म्हणाला होता, "वसंता, ह्यावर चढायचंय ना? मग मॅट मारू. ओल्या रंगावर वाळू भुरभुरवतो."

"फोटोत मरेल रे ते. चकाकी पाहिजे."

"फोटोत कुत्रा कुठे असणार? खाली."

"तू ग्लॉस मार."

त्याने मारला.

आता मॅडम विचारत होत्या, "हा ग्लॉस कोणी ठरवला?"

दिगू माझ्यापासून तीन हातांवर फडक्याने ब्रश पुसत होता.

"पेंटरने," मी म्हणालो. "मी फक्त स्ट्रक्चर बघतो."

दिगूने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मॅडमना म्हणाला, "संध्याकाळपर्यंत करून देतो."

त्याने पॉलिश पेपरने सगळी चकाकी घासून काढली. मॅटचा हात दिला. वाळू पिठाच्या चाळणीने चाळली आणि रांगोळी घालावी तशी चिमटीने भुरभुरवली. ऊन कडक होतं, लवकर वाळलं. वरून पातळ दुसरा हात. मग तळहात दाबून सगळा रॅम्प तपासला. कुत्र्याचा पंजा घसरायला नको, तसा सोलवटायलाही नको.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी विसरणार नाही. बिस्किट रॅम्प चढला, उतरला आणि कोणी न सांगता परत जाऊन लायनीत उभा राहिला. एक गृहस्थ बोगद्यात अडकले, तर काय झालं ते बघायला त्यांचं पग मागून आत शिरलं आणि तेही अडकलं. सत्तरीच्या एक आजी पॉमेरेनियन घेऊन रॅम्पच्या टोकाला पोचल्या आणि उतरेचनात. सून खालून हाका मारत होती. आजी म्हणाल्या, "थांब गं, बघू दे जरा." मैदानातल्या एका भटक्या कुत्र्याने नाव न नोंदवता पूर्ण कोर्स केला. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला.

आवराआवर करताना मॅडम म्हणाल्या, "काका, पुढचे घाटकोपर, मुलुंड, सगळे तुम्हीच करा. फक्त पेंटर बदला."

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "बरं."

दोन वर्षं गेली. नव्या पेंटरला मी वाळूची पद्धत शिकवली. लोक तिला 'काकांची वाळू' म्हणायला लागले आणि मी ऐकून घेत राहिलो. दिगूने फोनवर कधी विषय काढला नाही. मग एका लग्नात त्याची बायको भेटली. म्हणाली, "भावोजी, ह्यांना काय काम असलं तर सांगा ना. घरात बसून माझ्या मसाल्याच्या डब्यांवर नावं रंगवतायत. हळदीवर तर चारदा लिहिलं."

ती हसत होती. मला जेवण गेलं नाही.

मुलुंडच्या त्या वर्षीच्या कोर्सच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं. "मॅडम, तो ग्लॉस मी ठरवला होता. दिगू नको म्हणत होता. वाळूही त्याचीच."

"काका, दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी त्या माणसाला साधं थँक यूपण म्हटलं नाही."

त्यांनी तिथेच स्पीकरवर फोन लावला, माफी मागितली, या म्हणाल्या. दिगू म्हणाला, "येतो. पण रंग मी ठरवणार. आणि रॅम्पवर पहिला तावडेला चढवायचा."

तो आला तेव्हा मी म्हणालो, "दिगू, चुकलं माझं."

"घे, हा पेपर धर. त्या कडेपासून घास."

रविवारी मी, वय एकोणसत्तर, चार पायांवर रॅम्प चढलो. बिस्किट माझ्या पुढे. वर पोचल्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि मलाही उतरावंसं वाटेना. खालून दिगू म्हणाला, "उतर रे आता, मागे लाईन लागलीय."

तेव्हापासून कोर्सचा रंग दिगू ठरवतो. मी आधी त्याला विचारतो, मग प्लाय कापतो. या धंद्यात शिकलो ते एवढंच: ज्यावर कोणी पाय देणार आहे, त्याचा रंग पेंटरला विचारून घ्यावा. आणि चुकलं तर नाव स्वतःचं सांगावं. त्याच दिवशी.