अक्कांचं ‘ऑन’ आणि ‘फॉर’

अक्कांच्या घरात सकाळचा चहा आयता मिळत नसे. आधी इंग्रजीतलं एक वाक्य बोलायचं. बरोबर असलं तर कप पुढे सरकायचा. चुकलं तर किटली हवेतच थांबायची. “स्वल्प, जरासं थांब. परत म्हण.” तोवर माझी बेंगळुरूतल्या शिवाजीनगरची बस निघून गेलेली असायची.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न केलं नव्हतं. बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी नागपूरहून बेंगळुरूला आले, तेव्हा त्यांच्या भाड्याच्या घरातली मागची खोली मला मिळाली. अक्का दूधवाल्याशी कन्नड बोलत, माझ्याशी मराठी आणि माझ्या चुकांशी इंग्रजी. मी तापाने फणफणले होते तेव्हाही त्यांनी थर्मामीटर बघता बघता माझं एक वाक्य दुरुस्त केलं होतं.

क्रियापदामागे लागणाऱ्या छोट्या शब्दांवर त्यांचा विशेष डोळा. “क्रियापद साधं असतं गं, मागचा शब्द त्याचा स्वभाव बदलतो,” असं त्या म्हणत. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. मग एकदा मी चांगलीच तोंडावर पडले.

आमच्या कंपनीला एका परदेशी डिझायनरने तीन आराखडे पाठवले होते. साहेबांना दुसरा मनापासून आवडला. मी ऐटीत फॅक्स केला, ‘वुई हॅव सेटल्ड फॉर युवर सेकंड डिझाइन.’ दुसऱ्या दिवशी थंडगार उत्तर आलं: आमचं काम तुम्हाला नाइलाजाने चालवून घ्यावं लागत असेल, तर तसदी घेऊ नये. साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले.

घरी येऊन मी रडत सांगितलं. अक्का पोट धरून हसल्या! मग डोळे पुसून म्हणाल्या, “सेटल्ड ऑन म्हणायचं होतं, बाई. ‘फॉर’ म्हणजे मन मारून पत्करलं. ‘ऑन’ म्हणजे चार गोष्टी पारखल्या आणि मन एकीवर ठरलं. दहा वाक्यं लिही.”

मी चिडून पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आय हॅव सेटल्ड ऑन लीव्हिंग धिस हाउस.’

त्यांनी वाचलं आणि वही परत दिली. “व्याकरण बरोबर. मजकूर खोटा.”

दुसऱ्याला ठरवायला शिकवणाऱ्या या बाईंना स्वतःचं मात्र चार महिने ठरवता येईना. धारवाडच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी त्यांना मागणी घातली होती. पेपर तपासणीच्या निमित्ताने वीस वर्षांची ओळख. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. अक्का तेव्हा बासष्टच्या. रोज जेवताना विचारायच्या, “हो म्हणू?” मी म्हणायची, म्हणा. “का म्हणू?” मी कारण द्यायची, त्या ते खोडून काढायच्या. नको म्हणा म्हटलं, तर तेही खोडायच्या. शेवटी मी ताट उचलून खोलीत जेवू लागले.

एका रविवारी त्यांनी मास्तरांना होकार कळवला. पुढच्याच रविवारी निपाणीचे त्यांचे थोरले भाऊ, दादा, हजर! तंबाखूचे व्यापारी, आवाज करडा. दारातूनच सुरू झाले, “या वयात लग्न? एकटीला करमत नसेल तर माझ्याकडे ये. मिळेल त्याच्या गळ्यात माळ घालायला निघालीस?”

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना मराठी सुचेना. “दादा, आय हॅव सेटल्ड ऑन हिम,” त्या म्हणाल्या. “नॉट फॉर. ऑन.”

“काय म्हणते ही?” दादांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “मिळाले म्हणून पत्करले नाहीत, असं म्हणताहेत. पारखून घेतलेत. मन त्यांच्यावरच ठरलंय.”

दादांनी टोपी डोक्यावर चढवली आणि पाण्याच्या पेल्याला हातही न लावता ते निघून गेले. लग्नालाही आले नाहीत. रजिस्ट्रार कचेरीत अक्कांच्या बाजूने साक्षीदार म्हणून सही मीच केली.

आठवड्याने त्यांना धारवाडच्या गाडीत बसवायला गेले. मास्तर सामान लावत होते. त्याच सकाळी मला आईचं पत्र आलं होतं: नागपूरचं स्थळ पक्कं करतोय, मुलगा इंजिनिअर आहे, होकार कळव. खिडकीशी उभं राहून मी अक्कांना ते सांगितलं.

“मुलगा कसा आहे?”

“वाईट नाही,” मी म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते. गाडी हलली, तरी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

प्लॅटफॉर्मवर एकटीच उभी राहून मी संतापले. चार वर्षं या बाईने माझं एक वाक्य धड सोडलं नव्हतं, आणि नेमक्या याच वाक्याला गप्प! संताप इतका होता की त्या दिवशी कामावर गेलेच नाही. घरी येऊन आईला पत्र लिहिलं: मुलगा वाईट नाही, पण माझं मन त्याच्यावर ठरलेलं नाही; हे लग्न मला करायचं नाही.

पत्र पोचल्यावर आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.