अप्पांच्या छातीचा फोटो

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी दोनदा आपटलो, तेव्हा अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्याशी बोलणंच टाकलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. सोलापुरात आमचं भुसार मालाचं दुकान, आणि मुलानं पदवी घेऊन बँकेत चिकटावं ही त्यांची इच्छा. मी मात्र सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला शिकू लागलो. मशीन नवं, ते चालवणारी माणसं शहरात बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं नुसत्या मॅट्रिकवर काम मिळत होतं. अप्पा लोकांना सांगायचे, फोटो काढतो कुठंतरी. लग्नातले फोटो काढत असेन असं लोकांना वाटायचं, आणि अप्पा ते वाटू द्यायचे. मला राग यायचा, पण बोलणार कुणाला? नापास झालेल्याला कुठलं आलंय तोंड!

अशातच अप्पांना खोकला लागला. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, खोकला हटेना. एका सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, त्यांच्या उपरण्यावरचा लाल डाग मला मुकाट्यानं दाखवला. असे डाग घेऊन येणारी माणसं मी रोज बघत होतो, आणि त्यांतली काही पुन्हा दिसत नव्हती.

कसंबसं त्यांना दवाखान्यात नेलं. मला शिकवणारे गृहस्थ म्हणाले, गळ्यातलं काढा. आता आम्ही पडलो लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. आणि चांदी फोटोत पांढरीफेक उमटते, तिच्यामागं काय दडलंय ते कळत नाही. अप्पांनी सदऱ्याची बटणं लावली आणि चालते झाले. दारात मला एवढंच म्हणाले, "जीव गेला तर जाऊ दे. हे उतरत न्हाय."

पुढं बरेच दिवस मी धड जेवलो नाही. दुकानातून त्यांचा खोकला ऐकू आला की हातातला घास हातातच राहायचा. गावाच्या छात्या मी तपासतोय, आणि घरचं माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललंय! जळो ती विद्या, असं वाटायचं. सगळी चिडचिड अव्वावर निघायची. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "विहिरीत पवताना कुटं ठेवतात रे ते? डोक्याला बांधतात की, पटक्यात."

हात्तिच्या! लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. दोरा तुटून डबी पाण्यात जाऊ नये म्हणून अप्पा पोहताना ती डोक्यावर आवळून बांधायचे. म्हणजे अंगावरच राहायची, फक्त छातीवर नाही.

हे त्यांना सांगायचा मला धीर होईना. अव्वानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पा आले, डबी पटक्यात घट्ट बांधून. शिकवणारे म्हणाले, तूच काढ. मी अप्पांना प्लेटला टेकवून उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडत होतो. श्वास ओढा म्हटलं की खोकला उसळायचा. थांबायचं, पुन्हा ओढायचा, पुन्हा खोकला. शेवटी एकदाचा त्यांचा श्वास टिकला.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म औषधात बुडवली. बरगड्या हळूहळू उमटायला लागल्या. देवा, काही नको निघू दे, असं मी पुटपुटत होतो. उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, पिंजलेल्या कापसासारखा पांढरट डाग होता. तो कसला हे मला पाठ होतं. फिल्म धुऊन टांगली आणि मी बाहेर आलो.

बाहेर अप्पा बाकावर बसले होते, डबी अजून पटक्यातच. फोटो आपण काढायचा आणि सांगायचं डॉक्टरांनी, अशी मला सक्त ताकीद होती. मी म्हणालो, डॉक्टर येतील, ते सांगतील. पण माझा चेहरा त्यांनी वाचलाच असणार.

"डॉक्टरला इचारायला आलो न्हाय मी," अप्पा म्हणाले. "तुला कळतं म्हणून आलो. तू सांग."

मी सांगितलं. उजव्या बाजूला डाग आहे, टीबी वाटतो. औषध आहे, बरा होतो, पण खूप दिवस सुया टोचून घ्याव्या लागतील. अप्पांनी मान हलवली, पटका सोडला, डबी कपाळाला लावली आणि गळ्यात घातली. मग शेजारी भेदरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडं वळून म्हणाले, "घाबरू नका. आत माझा मुलगा हाय. बघून खरं सांगतो."