खोकं, प्लग आणि गणपतीची पाळी

रत्नागिरीत राहून खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणारा माणूस म्हणजे सगळ्या गावाला फुकटची करमणूक. भाट्याचा समुद्र घरापासून स्कूटरच्या दोन किकांवर, आणि मी मुंबईहून मिठाची पोती मागवून नळाचं पाणी खारट करत बसतो. मिरकरवाड्यात जिच्याकडून मी वर्षानुवर्षं बांगडे घेतो, ती मला बघितलं की शेजारणीला सांगते, "हा बघ, खातो आमचे आणि पोसतो दुसऱ्यांचे." मी खरं कारण सांगत नाही. बंदराजवळचं पाणी टँकमध्ये घातलं होतं एकदा. मासे डिझेलच्या वासाने असे शिंकले की काचेला आतून ओल आली.

टँकमध्ये एक जोडी आहे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. आता अंडीही घालू लागली आहे. त्यांच्यासाठी मी काय काय केलं हे लिहिलं तर लोक म्हणतील हा थापा मारतो, म्हणून निम्मंच सांगतो. एवढं मात्र जसंच्या तसं खरं, की या माशांपायी मी कित्येक वर्षं गावचा गणपती पुरता बघितला नव्हता. आमचा गणपती एकच, गावच्या मूळ घरात. सगळी भावकी जमते, मुंबईचे चाकरमानी येतात, आणि मी पहिल्या दिवशीची आरती झाली की टँकचं पाणी आटलं असेल म्हणून रत्नागिरीला पळतो. गावाला थोरला भाऊ असतो. तो मला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय, निघाले का माशांचे भटजी?"

आणि यंदा पूजेची पाळी आमची आली.

पाळी म्हणजे काय ते सांगतो. पूजा दरवर्षी भावकीतल्या एकेका घराकडे फिरते. ज्याची पाळी त्याने विसर्जनापर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर काय होतं हे कोणाला माहीत नाही, कारण ओलांडायची छाती कोणाची झालेली नाही. दादाने फोनवर एवढंच म्हटलं, "या वेळी पळालास तर पाळी मी करीन, पण पुढे तुझ्या घराचं नाव पाळीत धरायचं की नाही, ते भावकी ठरवील." तो हे रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे बोलला.

म्हणजे टँकने आता आपलं आपण चालायचं होतं. दिवा वेळेवर लागायचा, खाणं पडायचं, पाणी तापलं तर पंखा फिरायचा, आटलं तर कॅनमधून गोडं पाणी यायचं. याला दोन रस्ते. एक म्हणजे कंट्रोलर. एकच खोकं, त्याच्या तारा पाण्यात, बाकी सगळं त्याच्या हुकमात. दुसरा म्हणजे सुटी सुटी स्मार्ट उपकरणं, ज्याचं त्याचं ॲप, ज्याचा त्याचा प्लग.

मेव्हणा मुंबईला असतो, तो सुट्या पार्टीचा. "भावजी, एवढ्याशा टँकला खोकं कशाला? चार प्लग पाठवतो, मोबाईलवरून चालवा." पाठवलेही. मी गणपतीच्या आधी घरातच बसून तालीम केली. आता आमच्याकडे वाऱ्याला उचकी लागली तरी लाईट जाते. दुपारी गेली, संध्याकाळी आली. प्लग जागे झाले, पण राउटर अजून डोळे चोळत होता. प्लगनी वायफाय शोधलं, मिळालं नाही, आणि रुसून बंदच राहिले. एक प्लग शुद्धीवर आला आणि त्याने पंख्याऐवजी दिवा लावला, अशी माझी खात्री आहे. बायको म्हणते पंख्याची पिन मीच दिव्याच्या प्लगमध्ये घातली होती. पाणी तापलंय हे थर्मामीटरच्या ॲपला कळत होतं, पण ते पंख्याच्या ॲपला सांगत नव्हतं. एका भावकीतले असून बोलणं बंद, तसं.

म्हणून मी कंट्रोलरवर आलो. त्याचं वेळापत्रक त्याच्या पोटातच असतं, वायफाय नसलं तरी त्याचं अडत नाही, आणि लाईट आली की जिथे थांबला तिथून पुढे.

"आणि तो एकटाच बिघडला तर?" बायकोने विचारलं. "सगळी अंडी एका कोंबडीखाली ठेवताय."

"सुट्यांतलं एखादं बिघडलं तर कुठलं बिघडलं हेसुद्धा कळणार नाही."

"अहो, मग एक तरी वस्तू अशी ठेवा ना, जी कोणाचंच ऐकत नाही."

म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आणला. अगदी साधा, त्याला ॲप नाही की काही नाही. बोर्डाचा करंट गेला की हा आपला आपण सुरू होतो आणि पाण्यात बुडबुडे सोडतो. कंट्रोलर, पंप, सगळं एका बोर्डावर घेतलं आणि त्या बोर्डाची एकच पिन भिंतीत. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. तुळशीला पाणी घाला, गोड्या पाण्याचा कॅन भरा, आणि काही झालं तरी त्या खोक्याला हात लावू नका. काकू म्हणाल्या, "मी कशाला लावू हात, मला काय माशांशी लग्न करायचंय?"

गावाला मोबाईलची रेंज फक्त सड्यावर. कातळाच्या त्या माळावर आमच्या शिवेचा दगड आहे आणि रेंज नेमकी त्याच्या पलीकडे सुरू होते. मी तिसऱ्या दिवशी दुपारची पूजा उरकून सोवळ्यातच स्कूटरवरून वर गेलो, शिवेच्या अलीकडे उभा राहिलो आणि मोबाईल धरलेला हात पलीकडे लांबवला. हात पलीकडे, पाय अलीकडे. भावकीतल्या कोणीही येऊन मोजून घ्यावं.

मोबाईल थरथरला. कंट्रोलर संपर्कात नाही. त्याखाली काकूंचे चुकलेले फोन, एकाखाली एक, भजनाच्या ओळींसारखे. मी तसाच हात लांब ठेवून काकूंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"कुठे मेला होतास?" काकू म्हणाल्या. "इथे ढग काय गडगडतायत. विजा चमकल्या, म्हणून मी आले आणि पिन काढून ठेवली."

आमच्याकडे आभाळ गडगडलं की टीव्हीची, फ्रीजची, राउटरची पिन भिंतीतून बाहेर. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. एवढा विचार करून खोकं घेतलं, पण हे काही डोक्यात आलं नाही.

"काकू, खोक्याला हात लावू नका सांगितलं होतं."

"नाहीच लावला. भिंतीतली काढली. बरं केलंस एकच पिन ठेवलीस, नाहीतर माझे गुडघे गेले असते. पण ऐक, पिन काढली तरी ते आतलं घुर्रघुर्र करतंय. वीज शिरली बहुतेक त्यात. मी पोळ्यांच्या लाटण्याने ती नळी बाहेर ओढते."

ती नळी म्हणजे पंपाची. त्या घडीला माशांचा श्वास तेवढ्यावरच होता. दादा मागून आला होता, प्रसादाचं ताट कोणाकडे द्यायचं ते विचारायला. तो थांबून ऐकू लागला. माझा हात शिवेपलीकडे तसाच होता आणि बाजूला स्कूटर उभी होती. उतार धरला तर अंधार पडायच्या आत घरी पोचलो असतो.

"काकू," मी म्हटलं, "ती वीज नाही. ती बॅटरी आहे, पिन काढली की ती चालते. नळी काढलीत तर मासे गुदमरतील. लाटणं खाली ठेवा."

"ठेवलं."

"आता तिथेच बसा. विजा थांबल्या की पिन घाला."

"विजा थांबल्याशिवाय मी कोणाची पिन घालत नाही, देवाचीसुद्धा."

"नका घालू. पण बसा."

काकू बसल्या. संध्याकाळच्या आरतीनंतर मी परत हात लांबवला, तेव्हा आभाळ मोकळं होऊन पिन लागलेली होती आणि कंट्रोलर जणू काही झालंच नाही असा आकडे दाखवत होता. काकूंना मात्र माशांबद्दल मतं सुचू लागली होती. मादी नवऱ्याला खाऊ देत नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. पुढचे सगळे दिवस ढग गडगडले की त्या येऊन पिन काढायच्या, बसायच्या, आणि मोकळं झालं की घालायच्या. खोकं असो की सुटे प्लग, अशी सेवा बाजारात मिळत नाही. पण खोकं होतं म्हणून त्यांना एकच पिन सांभाळायला लागली, आणि दर वेळी पिन लागली की पुढचं खोकं बघून घेत होतं.

विसर्जनाला गणपती डोक्यावर घ्यायचा मान पाळीवाल्याचा. मी वहाळाच्या पाण्यात कमरेपर्यंत गेलो. बाहेर आलो तेव्हा दादाने अंग पुसायला पंचा दिला.

"मासे बरे आहेत ना?" त्याने विचारलं. भटजी वगैरे काही म्हणाला नाही.

"बरे आहेत."

"मग आज कशाला निघतोस? राहा. उद्या वडे करायला सांगितलेत."

मी राहिलो.